दहा इंची आरसा

तिसगाव,
१० ऑगस्ट २०२५

ती. दीपाताईस,
महेंद्रचा सविनय जयभीम. वि. वि.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी सगळं ठीक आहे म्हणालो. ते खरं नव्हतं. पण फोनवर सांगायला गेलो असतो तर तुझ्यातली नर्स जागी झाली असती, तू मधेच तोडून प्रश्न विचारत सुटली असतीस, आणि मला जे मागायचंय ते राहूनच गेलं असतं. म्हणून पत्र. अक्षर एवढं मोठं आणि जाड का, ते पुढे कळेल.

नगरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. मला अंधारात दिसत नाही हे तुला माहीत आहे. आईचंही तेच होतं. दिवेलागणीनंतर ती तुझ्या खांद्यावर हात ठेवून विहारातून घरी यायची. आपण त्याला रातांधळेपणा म्हणून सोडून दिलं. डॉक्टर म्हणाले, हा डोळ्याच्या मागच्या पडद्याचा आजार आहे, घराण्यातून येतो. पडदा कडेकडेने मरत आत सरकतो. आधी अंधारातलं जातं, मग बाजूचं, शेवटी मधलं. माझं बाजूचं बरंचसं गेलंय. समोरच्याचा चेहरा दिसतो, पण त्याने हात पुढे केला तर तो हात दिसत नाही. मुख्याध्यापकांनी दिलेला चहाचा कप परवा मी असाच पाडला. यावर औषध नाही. मधली नजर अजून काही वर्षं टिकेल असं ते म्हणाले. किती, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. सायलीला मात्र लगेच तपासून घेतलं. लेकीचे डोळे निर्दोष आहेत. ते कळल्यावर मी दवाखान्याच्या पायरीवरच खाली बसलो.

आता मागणं. मला एक मोठी दुर्बीण घ्यायची आहे, आरशाची. अंगणात लावून आकाश बघायचंय.

हसू नकोस. भूगोलाचा मास्तर म्हणून इतकी वर्षं मी फळ्यावर खडूने सप्तर्षी काढतोय. मुलं ते आकाशात शोधतात आणि सकाळी येऊन सांगतात, सर, सापडले. मला स्वतःला तारे दिसायचे कधी थांबले तेही आठवत नाही. एकदम थांबले असते तर लक्षात आलं असतं. आधी बारके गेले, मग मधले, आणि एका हिवाळ्यात वर पाहिलं तर नुसतं काळं. शेजारचा रविराज बाजूला उभा होता. म्हणाला, सर, आज काय चांदण्या पडल्यात. मी म्हणालो, व्हय, लईच.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, मधला भाग अजून बरा आहे, पण त्याला भरपूर उजेड लागतो. ताऱ्याचा उजेड गोळा करून दिला तर दिसेलही. खात्री देत नाही.

तुझ्याकडे पुण्यात आकाश बघणाऱ्यांची मंडळं आहेत. जरा चौकशी करशील? मला परवडेल आणि सविताला उचलता येईल अशी हवी. हे सविताला सांगितलं. ती उठून मेथीच्या वाफ्याला पाणी घालायला गेली. बाहेर पाऊस पडत होता.

तुझी माया लहानपणापासून न मागता मिळाली, यावेळी मागून घेतोय.

तुझा,
महेंद्र


पुणे,
२४ ऑगस्ट २०२५

चि. महेंद्रास,
सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि भाजून ठेवलेले शेंगदाणे सोलत बसले. हाताला काहीतरी काम हवं होतं. किती सोलले ते मला कळलं नाही; आता आठवडाभर घरात कूटच कूट आहे.

वॉर्डात नोकरी करताना मी एक पाहिलंय. मोठा आजार कळला की माणूस भलतंच काहीतरी काढतो. कुणी घराला रंग द्यायला घेतो, कुणी भावाशी बांधावरून भांडायला उठतो. तुझी दुर्बीण त्यातली आहे का, हे आधी स्वतःला विचार. मी नाही म्हणत नाही. पण ज्याची नजर जातेय त्याने अंगणात तोफ आणून ठेवायची, हे मला अजून पचलेलं नाही.

दुसरं. तू अजून स्कूटर चालवतोस का? समोरच्याने पुढे केलेला हात तुला दिसत नाही, तर शेजारून येणारी मोटारसायकल कशी दिसते? याचं उत्तर मला सरळ हवंय, मास्तरी नको.

कॅमेऱ्यांच्या एका मोठ्या दुकानात जाऊन आले. खोक्यावर पाचशेपट मोठं दिसतं असं छापलेली एक दुर्बीण होती. दुकानदारानेच हात जोडले, म्हणाला, बाई, ही लहान मुलांना वाढदिवसाला देतात आणि महिन्याने माळ्यावर टाकतात. मग त्याने कॉम्प्युटरवाली दाखवली. बटण दाबलं की ती आपण होऊन ताऱ्याकडे वळते. हलकी आहे, सविताला एका हाताने उचलवेल. मला तीच बरी वाटली. तुझं मत कळव.

सविताशी बोल. ती पावसात पाणी घालत असेल तर तिला खूप काही बोलायचंय.

आई गेल्यापासून तुझी काळजी माझ्या वाट्याला आहे, ती मला नीट करू दे.

तुझी,
ताई


तिसगाव,
१५ सप्टेंबर २०२५

ती. ताईस,
सविनय जयभीम. वि. वि.

शेंगदाण्याचा कूट इकडे पाठव, सविता चटणी करील.

तुझ्या प्रश्नाचा विचार केला. असेलही माझं घर रंगवण्यासारखं. पण ज्याला रंगवावंसं वाटतं त्याला ते घर अजून दिसत असतं, ताई. रंगवू दे त्याला.

पाचशेपट मोठं करून मला काही उपयोग नाही. तारा कितीही मोठा करायला गेलो तरी ठिपकाच राहतो. मला तो उजळ हवाय. त्यासाठी आरशाचं तोंड मोठं लागतं, बाकी काही नाही. पावसात वाटी ठेवली आणि परात ठेवली, यात जेवढा फरक तेवढाच. डोळ्याची बाहुली फार तर वाटाण्याएवढी. दहा इंची आरसा तसल्या हजारेक बाहुल्यांचा उजेड एकट्याने गोळा करतो आणि तुमच्या एका डोळ्यात ओततो. माझ्यासारख्याला तसलाच आरसा हवा.

कॉम्प्युटरवाली चांगली असते, पण सुरुवातीला तिला आपण दोन तारे दाखवून द्यावे लागतात, मग ती बाकीचे शोधते. दुसरा एक प्रकार असतो, त्याचं स्टँड ध्रुवताऱ्याकडे तोंड करून लावावं लागतं. मला ध्रुव दिसत असता तर हे पत्रच लिहिलं नसतं.

तिसरी सगळ्यांत साधी. लांब नळी, तळाशी आरसा, आणि ती नळी लाकडी खोक्यात बसवलेली. हाताने वर-खाली करायची, हाताने फिरवायची. मोटर नाही, वायर नाही. त्यामुळे पैसे आरशातच जातात. ती आठ इंची घ्यावी की दहा, एवढाच माझा घोळ आहे. दहाची आठपेक्षा दीडपट उजेड देते, पण जडही तशीच असते. त्या मंडळातल्या कुणाला विचारून बघ.

स्कूटर दिवसाच चालवतो, तीही गावातल्या गावात. तू काळजी करू नकोस.

सविता बोलत नाही, पण जेवायला वाढते. अजून तरी.

तुझ्या रागाचीही मला सवय आहे, तेव्हा तोही पाठवत जा.

तुझा,
महेंद्र


पुणे,
२७ ऑक्टोबर २०२५

चि. महेंद्रास,
सप्रेम जयभीम व आशीर्वाद.

शनिवारी संध्याकाळी तुझ्यासाठी मी एका माळावर स्वेटर घालून उभी होते. पुण्यातल्या एका मंडळाचा आकाशदर्शनाचा कार्यक्रम होता. पंकजा नावाची एक पस्तिशीची बाई तो चालवते. बोलायला चटपटीत, कुणाची भीडभाड ठेवत नाही. मी तिला तुझं सगळं सांगितलं.

आधी शनी बघितला. यंदा त्याचं कडं आपल्याकडे कड करून आहे म्हणे, त्यामुळे गोळ्यात आरपार सुई खुपसल्यासारखं दिसत होतं. मी डोळा लावला आणि लावूनच राहिले. मागच्या माणसाने खाकरून मला बाजूला केलं. महेंद्र, मला हे माहीत नव्हतं. चित्रात पाहणं वेगळं. तो खरोखर तिथे आहे, आत्ता. तोवर मी तुझी दुर्बीण म्हणजे तुझा हट्ट समजत होते.

मग पंकजाने देवयानीतली ती मोठी दीर्घिका लावली. मला काहीच दिसेना. ती म्हणाली, सरळ बघू नका, जरा बाजूला बघा, अंधुक गोष्टी डोळ्याच्या कडेनेच दिसतात. मी तसं केलं आणि ती दिसली, फुंकर मारलेल्या काचेसारखी. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की तुझ्याकडे ती कडच उरलेली नाही. मी तिथून बाजूला झाले.

नंतर तिला विचारलंच. तिने खोटा दिलासा दिला नाही. दीर्घिका, तेजोमेघ, असलं धुरकट काही तुला कुठल्याच आरशातून दिसणार नाही, मग तो केवढाही आणा. पण ग्रह, चंद्र, तारे, जोडतारे, ताऱ्यांचे पुंजके, हे दिसायला हवेत. म्हणून आठ नको, दहाच घ्या म्हणाली. डोळा लावायचं महागडं रुंद भिंग दुकानदार गळ्यात मारेल, ते घेऊ नका. त्यात कडेचं जास्त दिसतं, आणि तुमच्या भावाला फक्त मधलंच दिसतं. हे तिने इतक्या सरळ सांगितलं की मला तिचा राग आला. बसमध्ये बसल्यावर तो गेला.

त्याच मंडळातल्या अंगद नावाच्या मुलाला त्याची दहा इंची विकायची आहे. तो बंगळुरूला चाललाय, तिथे फ्लॅटला गच्ची नाही. आरसा स्वच्छ आहे, किंमत तुला झेपेल अशी. नळी आणि खोकं वेगळं होतं. नळी मी स्वतः कवेत घेऊन उचलून पाहिली. साठी ओलांडलेल्या बाईला जमतं तर सविताला जमेल.

घरी आल्यावर वर्तमानपत्राची बारीक नळी केली, एका डोळ्याला लावली, दुसरा मिटला, आणि माझ्याच घरात चालायला लागले. दाराच्या चौकटीवर आपटले. कपाळावर अजून टेंगूळ आहे. तू म्हणतोस दिवसा गावातल्या गावात चालवतो. मला आता तेही पटत नाही.

अंगदला काय कळवू ते सांग. आणि आधी स्वतःला जप.

तुझी,
ताई


तिसगाव,
१२ नोव्हेंबर २०२५

ती. दीपाताईंना,
सविताचा सविनय जयभीम.

मला तुमच्यासारखं लिहिता येत न्हाई. अंगणवाडीची रजिस्टरं सोडली तर मी काही लिहीत न्हाई, म्हणून बोलते तसं लिहिते.

फोनवर मी तुमाला हे पडले एवढंच सांगितलं, कारण ते शेजारी बसले हुते. आता खरं सांगते. शुक्रवारी ते करंजीला एका मास्तरांकडं गेल्ते. स्कूटरवर. येताना दिवस मावळला. रस्त्याच्या कडेला पाइपलाइनची चारी खांदून ठेवलीय, त्यात स्कूटरसकट गेले. उजव्या खांद्याचं हाड मोडलंय. मागून येणाऱ्या टेम्पोवाल्यानं बघितलं म्हणून बरं, न्हाईतर ते कुणाला दिसले असते त्या चारीत? दवाखान्यात सगळ्यांना म्हणाले, कुत्रं आडवं आलं. टेम्पोवाला मला बाहेर बोलावून म्हणाला, वहिनी, कुत्रंबित्रं काही नव्हतं, सर सरळ चारीत गेले.

घरी आल्यावर मी एकदाच विचारलं. तेव्हा म्हणाले, अंधार पडला की मी पुढच्या गाडीचा लाल दिवा धरून येतो. ती गाडी वळाली की थांबून दुसरीची वाट बघतो. मी म्हणाले, किती दिवस असं? तर म्हणाले, लई दिवस. ताई, मी रोज संध्याकाळी इथं भाकरी थापत बसलेली असायची आणि हे तिकडं दुसऱ्याच्या दिव्यामागं जीव टांगून येत हुते.

तुमी दोघं आरशाचं बोलताय, आठ का दहा. नगरला एक संस्था हाय, डोळे गेलेल्यांना पांढरी काठी घेऊन चालायला शिकवते. मी माहिती काढून आणली. त्याचं नाव काढलं की हे ताटावरून उठतात. दुर्बीण चालते, काठी चालत न्हाई. का ते मला कळलंय. दुर्बिणीत बघणारा माणूस लोकांना डोळस दिसतो. काठीवाला आंधळा दिसतो. शाळेत अजून कुणाला सांगितलेलं न्हाई.

मला दुर्बिणीचा राग न्हाई. पण आधी हा माणूस मला जिवंत पाहिजे. म्हणून ती घेऊ नका. तुमाला माझा राग येईल, येऊ द्या. तरी माया कमी करू नका, मला इथं दुसरं कोण हाय.

तुमची,
सविता


पुणे,
१८ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. सवितास,
सप्रेम जयभीम व आशीर्वाद.

राग कसला? तुझं पत्र उशाशी घेऊन झोपते. माझ्या भावाला मी अंगाखांद्यावर वाढवलं, पण तो तुला जास्त कळलाय.

अंगदला थांबायला सांगितलंय. आता ही दुर्बीण मी महेंद्रच्या सांगण्यावरून पाठवणार नाही. तू स्वतःच्या हाताने पाठवा असं लिहिशील तेव्हाच ती पुण्यातून निघेल. नाही लिहिलंस तर नाही निघणार, आणि मी तुला कधी विचारणारही नाही. हा माझा शब्द आहे. त्यालाही हे सांग.

आणखी एक. नोकरी जाईल या भीतीने तो शाळेत गप्प असेल तर त्याला सांग, मी एका ओळखीच्या वकिलांना विचारून घेतलंय. नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून माणसाला कामावरून काढता येत नाही, तसा कायदा आहे.

त्याचा खांदा शेकू नकोस, पट्टा सैल करू नकोस. त्याच्यापेक्षा तू वेळेवर जेव.

तुझीच,
ताई


तिसगाव,
९ डिसेंबर २०२५

ती. ताईस,
महेंद्रचा सविनय जयभीम. वि. वि.

हात अजून गळ्यात आहे, म्हणून मी सांगतोय आणि सविता लिहितेय. जे आवडणार नाही ते ती गाळेल, तेव्हा कमी-जास्त समजून घे. (मी काही गाळत न्हाई. सविता)

तुझं पत्र सविताने मला वाचून दाखवलं. मी विचारलं, तू ताईला असं काय लिहिलं होतंस? तिने तेही सगळं सांगितलं, डोळस माणसाचं सुद्धा. मी तिच्यावर ओरडलो. म्हणालो, मास्तर मी आहे, मला शिकवू नकोस. दोन दिवस बोललो नाही. पण बोलणं थांबवून काय होतं, ते वाक्य कानातून जात नव्हतं. तिसऱ्या दिवशी तिला विचारलं की त्या संस्थेत कोणत्या वारी जायचं असतं. (भाजी चिरत हुते. मी मान वर केली न्हाई, न्हाईतर पुन्हा गप्प बसले असते.)

स्कूटर रविराजला देऊन टाकली. तो तिच्यावरून गेला की आवाजाने कळतं. मुख्याध्यापकांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, मला कप पडला तेव्हाच शंका आली होती, तुम्ही कधी बोलता याची वाट बघत होतो. मग नववीच्या वर्गातही सांगितलं. पडदा म्हणजे काय ते फळ्यावर डाव्या हाताने काढून दाखवलं, भूगोलाच्या तासाला जीवशास्त्र.   दुसऱ्या दिवशी वर्गात शिरलो तर मधल्या वाटेत एकही दप्तर नव्हतं. सगळी बाकाखाली सरकवलेली. इतके दिवस मी त्यांना अडखळत होतो आणि बेशिस्त म्हणून पोरांनाच रागावत होतो.

रविवारी एसटीने नगरला जातो. पहिल्यांदा काठी उघडून स्टँडवर उभा राहिलो तेव्हा माना वळलेल्या दिसल्या नाहीत, पण कळल्या. एका बाईने उठून जागा दिली. नको म्हणणार होतो. सविताने कोपर दाबलं, मग बसलो. शिकवणारे गृहस्थ स्वतः पूर्ण आंधळे आहेत. त्यांनी मला विचारलं, तुम्हाला अजून काय काय दिसतं? मी सांगत गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, बरंच आहे की.

सहा तारखेला यंदा मुंबईला जाता आलं नाही. इथेच विहारात वंदना केली. सविताच्या खांद्यावर हात ठेवून गेलो आणि आलो.

दुर्बिणीचं मी काही म्हणत नाही. पुढचं तिचं ती लिहील.

तुझा,
महेंद्र

ताई, मी सविता. पाठवा ती तोफ.


पुणे,
६ जानेवारी २०२६

चि. महेंद्र व चि. सौ. सविता यांस,
सप्रेम जयभीम व आशीर्वाद.

अंगदने गोधड्यांत गुंडाळून टेम्पोत घातली आहे. नगरला गाडी बदलून परवापर्यंत पोचेल. टेम्पो निघताना तो नळीवरून हात फिरवत होता, मला उगीचच वाईट वाटलं. त्याने बजावलंय की आरशावर धूळ दिसली तरी पुसायचा नाही. पुसल्याने जेवढा बिघडतो तेवढा धुळीने बिघडत नाही. बघायच्या आधी नळी दिवस मावळतानाच अंगणात काढून ठेवायची. आरसा घरातला गरम असतो, बाहेरच्या गारव्याला आला की चित्र थरथरायचं थांबतं. नळीवर एक लाल ठिपका दाखवणारं छोटं यंत्र आहे, त्यातून बघून नेम धरायचा. ते काम सविताचं.

महेंद्र, काहीच दिसलं नाही तर मला तसंच कळव. माझ्यासाठी गोड करून लिहू नकोस.

दोघांची आठवण काढत,
ताई


तिसगाव,
१९ जानेवारी २०२६

ती. ताईस,
सविनय जयभीम. वि. वि.

हात सुटला, पत्र माझंच आहे.

संक्रांतीच्या आसपास ढग होते. काल अमावास्या आणि आभाळ मोकळं. दिवस मावळताना सविताने आणि रविराजने नळी अंगणात आणली. रविराजने त्याच्या दारातला बल्ब न सांगता बंद केला. मी खुर्चीवर बसून राहिलो. अंधार पडला तसं माझ्यापुढून अंगण गेलं, मग सविताही गेली, तिचा आवाज तेवढा राहिला.

पूर्वेला मिथुनेत गुरू आहे, सगळ्यांत ठळक तोच असेल, असं मी तिला सांगितलं. तिने ठिपका धरून नळी फिरवली आणि म्हणाली, सापडला. मी डोळा लावला. काळं. म्हणालो, नाहीये. तिने बघितलं, म्हणाली, हाय की, दिव्यासारखा. मी पुन्हा लावला. पुन्हा काळं. असं किती वेळा झालं.  मनात आलं की झालं, उशीर झाला, आणि आता हे ताईला लिहावं लागणार.

मग सविताने एक केलं. लहान पोराला काजळ घालताना धरतात तशी तिने माझी हनुवटी धरली आणि डोकं हळूहळू हलवायला लागली. जरा इकडं, जरा वर. माझी उरलेली नजर एवढी अरुंद आहे की भिंगातला उजेड तिच्याबाहेरच पडत होता. ती हलवत राहिली, आणि एका क्षणी तो आत आला.

ताई, गुरू दिसला. ठिपका नाही, गोल. आणि त्याचे चंद्र एका ओळीत, टाचणीच्या टोकाएवढे, पण स्वच्छ. मी त्यांची नावं मोठ्याने घ्यायला लागलो, वर्गात घेतो तशी. सविता म्हणाली, नावं नंतर घ्या, आधी बघून घ्या. आकाश सरकतं तसा तो बाहेर जायचा, ती नळीला बोटभर ढकलून पुन्हा आत आणायची. मी बघत राहिलो. इतकी वर्षं वर पाहून जे काळं दिसत होतं, ते काळं नव्हतंच. तिथे सगळं होतं.

मग मृगाकडे वळलो. त्याच्या पट्ट्याखाली जो तेजोमेघ आहे, जिथे तारे जन्मतात असं मी पोरांना शिकवतो, तो लावायला सांगितला. पंकजाबाईंचं बरोबर आहे. मेघ मला दिसला नाही. त्याच्या मधोमध चार तारे जवळजवळ आहेत, त्यातले तीन मला दिसले. चौथा सविता म्हणते म्हणून मानला. मी विचारलं, आणि ढग कसा आहे? ती बराच वेळ डोळा लावून राहिली. म्हणाली, पाण्यात दुधाचा थेंब टाकल्यावर कसं पसरतं, तसं हाय, एका अंगाला फाटलंय. मी पुन्हा डोळा लावला. तीन तारे होते. त्यांच्याभोवती तिने सांगितलं तसं दूध मी मनाने घातलं.

देवयानीतली दीर्घिकाही लावून बघितली. नाही दिसली. तरी थोडा वेळ त्या बाजूला डोळा लावून बसलो.

हेही जाईल हे मला माहीत आहे. मार्चमध्ये पुन्हा नगरला तपासणी आहे, आणि उरलेल्या नजरेचा जो गोल डॉक्टर कागदावर काढतात तो प्रत्येक वेळी आधीच्यापेक्षा लहान असणार. पण यावेळी काय जाणार आहे ते मला पाहून झालेलं असेल. मागच्या वेळी, तारे गेले तेव्हा, तेवढंही नव्हतं.

फेब्रुवारीत चार दिवस काढून ये. स्वेटर आण. तुझ्या शब्दावर जो विश्वास आम्ही दोघांनी टाकला तो तसाच राहू दे.

तुझा,
महेंद्र

ताई, पाकीट पोस्टात टाकायला माझ्याकडं दिलंय, म्हणून खाली चार ओळी लिहिते. त्यांनी हे वाचलेलं न्हाई.

काल ते आत जाऊन आडवे झाले. मी सामान आवरायचं म्हणून अंगणात थांबले, आणि मग एकटीच डोळा लावून बसले. तोवर त्यांच्यासाठीच बघत हुते. सापडलं का, निसटलं का, एवढंच. एकटी बघायला लागले तर पाय गार पडले तरी उठवेना. मला एकाही ताऱ्याचं नाव येत न्हाई, ताई. इतकी वर्षं ह्या घरात हाय, कधी विचारलंच न्हाई.

मराठी नावांचा आकाशाचा नकाशा मिळाला तर पाठवा. वर्गातला त्यांच्याकडं हाय, पण तो मागितला तर मी शिकतेय हे त्यांना कळंल, आणि का शिकतेय तेही कळंल. आज तेच मला सांगतायत, कुठं काय हाय ते. पुढं मला सांगावं लागंल.

नकाशा अंगणवाडीच्या पत्त्यावर पाठवा.

तुमची,
सविता